जड शेपटीची मोटार

नाशिकहून मुंबईकडे निघालेली गाडी इगतपुरी ओलांडून कसारा घाट उतरू लागली की अनुभवी ड्रायव्हर एक गोष्ट न चुकता करतो. वळण येण्याच्या आधीच तो वेग कमी करतो, गाडी खालच्या गिअरमध्ये घेतो आणि प्रत्यक्ष वळणात असताना ब्रेकवर जोराने पाय देत नाही. ‘वळणात ब्रेक मारू नये’ ही शिकवण आपणही मोठ्या माणसांच्या तोंडून ऐकली असेल. पण का मारू नये? ब्रेक तर गाडी थांबवण्यासाठीच असतो! मग जिथे सर्वांत जास्त सावध राहायचे, तिथेच तो वापरू नये, हे कसे?

या प्रश्नाचे उत्तर नीट समजून घ्यायचे असेल तर आधी दुसराच एक प्रश्न विचारावा लागतो: मोटारीतली सर्वांत जड वस्तू, म्हणजे तिचे एंजिन, कोठे बसवलेले आहे?

एंजिनाच्या तीन जागा

नाशिककरांच्या ओळखीच्या बहुतेक गाड्यांचे एंजिन पुढे असते. सातपूरच्या महिंद्र कारखान्याचे नाव ज्या गाड्यांशी जोडले गेले, त्या बोलेरो व स्कॉर्पिओ याच जातीच्या. बॉनेट उघडले की एंजिन समोर दिसते.

दुसरी जात मागे एंजिन असणाऱ्या वाहनांची. बजाजने १९७७ साली मागे एंजिन असलेली ऑटोरिक्षा आणली. पुण्यात अभिकल्प तयार झालेली आणि २००९ साली विक्रीस आलेली टाटांची नॅनो हीसुद्धा मागच्या एंजिनाचीच. जर्मनीची फोक्सवॅगन बीटल आणि १९६३ साली प्रथम लोकांसमोर आलेली पोर्शे ९११ ही या जातीची जगप्रसिद्ध उदाहरणे.

तिसरी जात आपल्याकडे क्वचितच दिसते. हिच्यात एंजिन चालकाच्या पाठीमागे पण मागच्या आसाच्या पुढे, म्हणजे दोन आसांच्या मध्ये असते. शर्यतीच्या गाड्या आणि अनेक वेगवान स्पोर्ट्‌स मोटारी अशा असतात. दिलीप छाब्रिया यांच्या संस्थेने २०१२ साली दिल्लीच्या ऑटो एक्स्पोमध्ये मांडलेली ‘अवंती’ ही दोन आसनी मोटार याच रचनेची होती.

वरवर पाहता दुसऱ्या व तिसऱ्या जातीत फारसा फरक दिसत नाही. दोन्हींत एंजिन चालकाच्या मागेच! मागच्या आसाच्या अलीकडे की पलीकडे, एवढाच काय तो प्रश्न. पण या हातभर अंतराने गाडीचा स्वभाव पालटतो.

थोडा हिशेब

समजा, एका मोटारीचे एंजिन व गिअरपेटी मिळून वस्तुमान २०० किलोग्रॅम आहे आणि बाकी सर्व गाडीचे ७०० किलोग्रॅम. पुढच्या व मागच्या आसांतले अंतर २.४ मीटर आहे. एंजिन काढून ठेवले तर उरलेल्या गाडीचा भार दोन्ही आसांवर सारखा, म्हणजे ३५०-३५० किलोग्रॅम पडतो असे धरू.

आता एंजिन गाडीच्या मध्यबिंदूपासून ०.४ मीटर मागे बसवा. ही झाली मध्य-एंजिन मोटार. तरफेचा नियम लावला तर मागच्या आसावर एकूण सुमारे ४८३ किलोग्रॅम आणि पुढच्यावर ४१७ किलोग्रॅम भार येतो. शेकडेवारीत सांगायचे तर मागे ५४, पुढे ४६.

तेच एंजिन मध्यबिंदूपासून १.६ मीटर मागे, म्हणजे मागच्या आसाच्याही ०.४ मीटर पलीकडे बसवा. आता मागच्या आसावर ५८३ किलोग्रॅम आणि पुढच्यावर केवळ ३१७ किलोग्रॅम! मागे ६५ टक्के, पुढे ३५ टक्के. गंमत अशी की एंजिन बसवल्यावर पुढच्या आसावरचा भार वाढला तर नाहीच, उलट ३५० वरून ३१७ वर आला. सी-सॉच्या एका टोकाला कोणी बसले की दुसरे टोक उचलले जाते, तसाच हा प्रकार. मागचा आस हा या सी-सॉचा टेकू आहे.

गाडीचा गुरुत्वमध्यही त्याप्रमाणे मागे सरकतो. पहिल्या गाडीत तो मागच्या आसाच्या १ मीटर ११ सेंटिमीटर पुढे आहे, तर दुसरीत अवघा ८४ सेंटिमीटर पुढे. हे दोन आकडे ध्यानात ठेवा. त्यांचे काम पुढे पडणार आहे.

शटलकॉककडून धडा

बॅडमिंटनचे शटलकॉक घ्या आणि पिसे पुढे करून फेका. हवेतच ते उलटे फिरेल आणि बूच पुढे, पिसे मागे अशा स्थितीत पुढे जाईल. कितीही वेळा फेका, बूच पुढेच येणार. का बरे? शटलचे बरेचसे वस्तुमान बुचात आहे, आणि हवेचा विरोध मात्र मुख्यतः पिसांना होतो. जड भाग आपल्या संवेगाने पुढे जातो. ज्याला विरोध होतो तो भाग मागे पडतो.

मोटारीत पिसांचे काम टायर करतात. गाडी जराशी तिरपी झाली की रस्ता टायरांना आडवे बल लावतो. मागच्या टायरांवरचे हे बल गाडीला पुन्हा सरळ करू पाहते. पुढच्या टायरांवरचे बल तिला आणखी तिरपी करू पाहते. गुरुत्वमध्य हा जणू तरफेचा टेकू. त्याच्यापासून मागचे टायर जितके दूर, तितका सरळ करणाऱ्या बलाचा दांडा लांब. आपल्या मध्य-एंजिन गाडीत हा दांडा १११ सेंटिमीटरांचा होता. मागच्या एंजिनाच्या गाडीत तो ८४ सेंटिमीटरांवर आला आणि तिरपी करणाऱ्या बलाचा दांडा मात्र १५६ सेंटिमीटरांवर गेला. म्हणजे हे शटलकॉक पिसांकडे जड झाले! जड शेपूट संधी मिळताच पुढे येऊ पाहते.

पुस्तकातला नियम आणि रस्त्यावरचा टायर

येथे एखादा हुशार विद्यार्थी शंका काढील. वळणावर गाडीला अभिकेंद्री बल लागते, त्याचे मान वस्तुमान × वेगाचा वर्ग ÷ त्रिज्या एवढे असते. ताशी ५४ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला १५ मीटर वेगाने ५० मीटर त्रिज्येचे वळण घेतले तर मागच्या एंजिनाच्या गाडीत मागच्या टायरांना २,६२५ न्यूटन आणि पुढच्यांना १,४२५ न्यूटन बल द्यावे लागेल. मागचे काम जास्त खरे. पण मागच्या टायरांवर भारही त्याच प्रमाणात जास्त आहे, आणि घर्षण तर भाराच्या प्रमाणात वाढते. मग हिशेब बरोबरच झाला की!

शंका अगदी योग्य आहे. पण घर्षण भाराच्या प्रमाणात वाढते हा नियम लाकडाच्या ठोकळ्याला जितका लागू पडतो, तितका रबरी टायराला पडत नाही. टायरावरचा भार दुप्पट केला तर त्याची पकड वाढते, पण दुपटीपेक्षा कमी.

दुसरी गोष्टही आहे. वळताना टायर ज्या दिशेला तोंड करून असतो, नेमका त्याच दिशेने जात नाही. रस्त्याला टेकलेले रबर मुरडते आणि टायर किंचित बाहेरच्या अंगाला सरकत जातो. या कोनाला आपण या लेखापुरते ‘मुरड’ म्हणू. आडवे बल जितके जास्त हवे, तितकी मुरड जास्त. चारही टायर सारखे असतील तर ज्या आसावर काम जास्त, त्या आसाची मुरडही जास्त.

पुढची मुरड जास्त असेल तर गाडी चालकाला हवे त्याहून कमी वळते, नाक बाहेर पळते. तंत्रज्ञ याला अंडरस्टीअर म्हणतात. चालक स्टिअरिंग आणखी फिरवतो, वेग कमी करतो आणि बहुधा निभावते. मागची मुरड जास्त असेल तर गाडी हवे त्याहून अधिक वळते, वळण आणखी आवळले जाते, त्यामुळे आणखी आडवे बल लागते आणि शेपूट बाहेर जाते. हा ओव्हरस्टीअर. यात चालकाला वळणाच्या उलट्या दिशेने स्टिअरिंग फिरवावे लागते, आणि तेही क्षणार्धात. नवख्या माणसाला हे सहसा जमत नाही.

एका मोटारीवरचा वाद

या गोष्टीचे महत्त्व अमेरिकेत फार गाजले. शेव्हरोले कंपनीने १९६० सालच्या मॉडेलपासून कॉर्व्हेअर नावाची मागे एंजिन असलेली मोटार काढली. तिचे मागचे दोन्ही अर्धे आस मधल्या सांध्यावर झुलत असत, त्यामुळे जोराच्या वळणावर मागचे चाक आत दुमडले जाण्याचा संभव असे. उपाय म्हणून कंपनीने टायरांतल्या हवेचा दाब वेगवेगळा ठेवण्यास सांगितले होते: पुढे चौरस इंचास १५ पौंड, मागे २६ पौंड. मागचे टायर कडक, म्हणून त्यांची मुरड कमी. पुढचे मऊ, म्हणून त्यांची जास्त. युक्ती शास्त्रशुद्ध होती. पण जिचे यश हवा भरणाऱ्याच्या आठवणीवर अवलंबून, तिला भक्कम म्हणता येईल काय? चारही चाकांत सारखी हवा भरली की संरक्षण संपले.

राल्फ नेडर या तरुण वकिलाने १९६५ साली प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात या मोटारीवर कडाडून टीका केली. पुढे मोटार-सुरक्षिततेचे कायदे होण्यास या पुस्तकाने मोठी चालना दिली. मात्र १९७२ साली अमेरिकेच्या वाहतूक-सुरक्षा खात्याने चाचण्यांअंती असा निष्कर्ष काढला की त्या काळच्या तशाच इतर गाड्यांच्या मानाने कॉर्व्हेअर अधिक धोकादायक नव्हती. म्हणजे दोष केवळ ‘एंजिन मागे’ या गोष्टीवर ढकलता येत नाही. एंजिन, आसाची जोडणी, टायर आणि चालक या सर्वांचा मिळून तो प्रश्न असतो.

पोर्शे ९११ च्या अभियंत्यांनाही जड शेपटीशी झुंजावे लागले. सुरुवातीच्या काही गाड्यांत तर पुढच्या बंपरच्या दोन्ही टोकांत वजने बसवली होती! पुढे १९६८ साली त्यांनी मागची चाके ५७ मिलिमीटर मागे नेऊन दोन आसांतले अंतर वाढवले. एंजिन जागेवरच राहिले, पण चाके त्याच्याजवळ गेली. मागच्या टायरांच्या बलाचा दांडा लांब झाला. आपला ८४ आणि १११ चा हिशेब आठवला ना?

आणि आपली नॅनो? तिच्या पुढच्या टायरांची रुंदी १३५ मिलिमीटर होती आणि मागच्यांची १५५. जादा चाकही पुढे बॉनेटखाली ठेवले होते. शटलच्या भाषेत सांगायचे तर मागची पिसे मोठी केली आणि बुचाकडे थोडे वजन ठेवले. नॅनोचे उत्पादन २०१८ साली थांबले, पण रस्त्यात कोठे दिसली तर तिचे पुढचे आणि मागचे टायर निरखून पाहा. हा सगळा लेख त्या २० मिलिमीटरांत सामावलेला आहे.

मग एंजिन मागे ठेवायचेच कशाला?

त्यालाही सबळ कारणे आहेत. एंजिन व चालणारी चाके जवळजवळ असली की लांब दांडा लागत नाही, जागा वाचते, खर्च कमी होतो. म्हणूनच जेमतेम ३.१ मीटर लांबीच्या नॅनोत चार माणसे बसू शकली. चालणाऱ्या चाकांवर भार जास्त असल्याने चढावर आणि जोराने निघताना ती घसरत नाहीत. ब्रेक लावताना भार पुढे सरकतो, तेव्हा चारही चाकांवर तो बराचसा समान वाटला जातो आणि चारही टायर थांबवण्याच्या कामी येतात.

एंजिन मध्ये ठेवले तर यातले काही फायदे टिकतात आणि आणखी एक मिळतो. एखादी वस्तू फिरवायला किती जड जाईल हे तिच्या वस्तुमानावरच नव्हे, तर ते वस्तुमान मध्यापासून किती दूर आहे यावर ठरते. अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात हा विरोध वाढतो. याला निरूढि-परिबल म्हणतात. आपल्या उदाहरणात एंजिनाचे अंतर ०.४ ऐवजी १.६ मीटर, म्हणजे चौपट झाले. त्यामुळे विरोधातला एंजिनाचा वाटा सोळापट झाला. बाकीच्या गाडीचा वाटा बदलत नाही, म्हणून सबंध गाडी सोळापट जड जात नाही. तरी फरक जाणवण्याजोगा असतो. मध्य-एंजिन गाडी चटकन वळते आणि चटकन सरळ होते.

शर्यतीच्या मैदानात याचा निकाल केव्हाच लागला. ग्रां प्री शर्यतींत जॅक ब्रॅबॅम याने कूपर कंपनीची मध्य-एंजिन मोटार चालवून १९५९ आणि १९६० अशी लागोपाठ दोन वर्षे जगज्जेतेपद मिळवले. त्यानंतर थोड्याच काळात पुढच्या एंजिनाच्या गाड्या या शर्यतींतून नाहीशा झाल्या.

पण जी गाडी चटकन वळते ती पकड सुटल्यावर चटकन गरगरतेही! मागच्या एंजिनाच्या गाडीची शेपटी लंबकासारखी सावकाश सुटते, पण एकदा सुटली की आवरणे कठीण. मध्य-एंजिन गाडी उशिरा सुटते, पण सुटल्यावर सावरायला वेळ देत नाही. शिवाय एंजिनाने मधली जागा व्यापल्यामुळे मागची आसने जातात. आवाज आणि उष्णता चालकाच्या पाठीशी येतात. म्हणून ती कुटुंबाची गाडी होऊ शकली नाही.

आता घाटाकडे परत

वळणात ब्रेक का मारू नये, याचे उत्तर आता देता येईल. आपल्या ९०० किलोग्रॅमच्या गाडीचा गुरुत्वमध्य जमिनीपासून ०.५ मीटर उंच आहे असे धरा. चालकाने सेकंदाला ३ मीटर प्रतिसेकंद या दराने वेग कमी केला, तर ९०० × ३ × ०.५ ÷ २.४, म्हणजे सुमारे ५६० न्यूटन भार मागच्या चाकांवरून पुढच्या चाकांवर जातो. हे झाले सुमारे ५७ किलोग्रॅम वजन. मागच्या टायरांवरचा भार ५८३ वरून ५२६ किलोग्रॅमवर येतो. वळवण्याचे काम मात्र पहिल्या क्षणी तेवढेच, २,६२५ न्यूटन! त्यातून ब्रेकसाठीही त्याच टायरांची थोडी पकड खर्च होते. काम तेवढेच आणि पकड कमी, असा प्रसंग येतो.

हे सर्वच गाड्यांत घडते. पुढे एंजिन असलेल्या गाडीत नाक बाहेर पळण्याकडे मुळातच कल असल्यामुळे हाताशी थोडी शिल्लक असते. जड शेपटीच्या गाडीत ही शिल्लक कमी. ॲक्सिलरेटरवरून एकदम पाय उचलला तरी असाच परिणाम होतो. आजच्या अनेक गाड्यांत घसरण ओळखून एकेका चाकाला आपोआप ब्रेक लावणारी यंत्रणा असते आणि तिने पुष्कळ अपघात टळतात. तरी टायरात नसलेली पकड कोणतीही यंत्रणा निर्माण करू शकत नाही. वेग दुप्पट झाला तर लागणारे आडवे बल चौपट होते, हे गणित कसारा घाटातही तेच आणि शर्यतीच्या मैदानातही तेच. म्हणून वेग वळणाच्या आधी कमी करायचा.

करून पाहा

१. एक फळी तिरपी ठेवून गुळगुळीत उतार करा आणि त्यावरून एक खेळण्यातली मोटार सोडा. आधी तिची पुढची चाके चिकटपट्टीने घट्ट बांधा. मोटार घसरत, पण साधारण सरळ खाली येईल. मग पुढची सोडून फक्त मागची चाके बांधा. आता मोटार वाटेतच गिरकी घेऊन मागचा भाग पुढे करील. सायकल शिकणाऱ्याला ‘एकदम नुसता मागचा ब्रेक करकचून दाबू नकोस’ असे का सांगतात, ते यावरून समजेल.

२. ३० सेंटिमीटरची पट्टी मध्यावर चिमटीत धरा. दोन सारखे सेल मध्यापासून ३-३ सेंटिमीटरांवर रबराने बांधा आणि पट्टी मनगटाने झटपट उजवी-डावी फिरवा. मग सेल १२-१२ सेंटिमीटरांवर नेऊन पुन्हा फिरवा. वजन तेच, मनगटाला मात्र फरक कळेल.

३. एखादा मोठा भाऊ किंवा काका द्राक्षांचे क्रेट मोटारसायकलच्या मागे लादून बाजारात नेत असतील, तर भार मागच्या आसाच्या किती मागे आहे ते पाहा. तो जितका पुढे सरकवता येईल तितका सरकवायला सांगा आणि तसे का, तेही सी-सॉच्या उदाहरणाने समजावून द्या.

विचार करा

१. आपल्या मागच्या एंजिनाच्या गाडीत पुढच्या बाजूला, पुढच्या आसाच्या बरोबर वर ५० किलोग्रॅमचे सामान ठेवले, तर पुढच्या आसावरचा भार एकूण भाराच्या किती टक्के होईल?

२. त्याच वळणावर वेग ताशी ५४ ऐवजी ७२ किलोमीटर असेल, तर मागच्या टायरांना किती न्यूटन आडवे बल द्यावे लागेल?

३. नॅनोचे पुढचे आणि मागचे टायर कोणी अदलाबदल करून बसवले, तर वळणावर काय फरक पडेल? उत्तर शटलकॉकच्या भाषेत लिहा.